गोदामातला ट्रान्सफॉर्मर आणि दारातल्या घागरी

विषय : धान्य गोदामात ट्रान्सफॉर्मर नियमानुसार बसवणेबाबत.
संदर्भ : प्रस्तुत कारकुनाने स्वतःच्या हाताने करून घेतलेली फजिती.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, चूक माझीच होती. आता बशीत चहा ओता आणि ऐका.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या लागल्या, पाऊस मात्र लागला नाही. मी नांदेडहून बदली मागून आलो, कारण लातूर हे बायकोचं माहेर. नेमणूक धान्य गोदामावर. दुष्काळी कामावरच्या मजुरांचं धान्य तिथून निघायचं आणि गोदामात विजेचा पत्ता नाही.

साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं, "भाऊसाहेब, निरीक्षक येतील. ट्रान्सफॉर्मरची जागा नापास झाली, तर तुम्ही पुन्हा नांदेडला."

झालं, माझी झोप उडाली. सौ.ने घर लावलेलं, पोरीला शाळेत घातलेलं. पुन्हा सामान बांध, हे तिला सांगणार कोण?

आवारात ट्रक वळायचे, म्हणून जागा आतच काढायची होती. मी नियमाचं पुस्तक पाठ केलं. ट्रान्सफॉर्मरला वेगळी खोली हवी, पोत्यांच्या बाजूने पक्की भिंत हवी, दार बाहेर उघडणारं हवं. शिवाय ट्रान्सफॉर्मरच्या पोटात तेल असतं, ते गळलं तर साठायला खाली सिमेंटचा हौद हवा. मी रस्त्याकडची एक रिकामी खोली निवडली आणि काम सुरू केलं. रात्री मोजायची टेप उशाशी घेऊन जागा राहायचो. स्वप्नात, म्हणजे डोळा लागलाच तर, भिंत चार बोटं सरकायची.

आता दुष्काळात रस्त्याकडेला खड्डा खणला की लोक विचारणारच ना? एक म्हातारी रोज डोकावायची. "काय करायलेत साहेब हितं?"

खरं सांगायला माझं काय जात होतं? पण हाडाचा कारकून. म्हणालो, "वरून आदेश आहे. वेळ आल्यावर कळेल." घरी सौ.ने विचारलं, तिलाही तेच.

हौदाचं सिमेंट ओलं राहावं म्हणून मी कुठून कुठून बादलीभर पाणी मिळवून त्यावर मारलं. ते कुणीतरी पाहिलं. सकाळी दारात घागरींची रांग.

मी घसा फोडून सांगितलं, बायांनो, हा हौद तेलासाठी आहे. म्हातारी म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई अन् सरकार तेलाला हौद बांधायलंय व्हय?"

तिच्या तोंडून ऐकल्यावर मलाही ते खोटंच वाटायला लागलं.

निरीक्षक नांदेडहून त्याच दिवशी यायचे होते. मी धापा टाकत बसस्टँडवर गेलो, त्यांना घेऊन परतलो, तर दारात टँकर. नियमाप्रमाणे बाहेर उघडलेल्या दारातून पाइप आत गेलेला. हौद काठोकाठ.

ड्रायव्हरला जाब विचारला. तो म्हणाला, "रांग दिसली, हौद दिसला, वतलं. गावोगाव विहिरीत वततोच की."

निरीक्षकांनी टेप काढली. भिंत बरोबर. दार बरोबर. अंतर बरोबर. मला जरा धीर आला. मग ते हौदावर वाकले.

"भाऊसाहेब, काम चोख आहे. थेंब गळत नाही." आणि शेऱ्यात लिहिलं : जागेवर सार्वजनिक पाणवठा आढळला, सबब ट्रान्सफॉर्मर बसवता येणार नाही.

"इथे टँकर आणायला सांगितलं कुणी?" मी ड्रायव्हरवर खेकसलो. त्याने रांगेकडे हात केला. "त्या ताईंनी. म्हणल्या, आमचे मालक हितंच सायब हायेत."

पहिली घागर आमच्या घरची होती. मागे सौ. उभी.

"तुम्ही काही सांगेनात, तेव्हाच मी ओळखलं," ती कौतुकाने म्हणाली. "सगळ्या गल्लीला सांगितलंय, आमच्या यांनी पाणी आणलं म्हणून."



पुढे ती जागा टँकरच्या यादीत गेली आणि मी नांदेडला. सौ. काही आली नाही. गल्लीत तिचा मान फार वाढला होता.

लातूरला परत बदली मिळावी, असा अर्ज मी नांदेडहून रीतसर केला. दरम्यान मी सेवानिवृत्त झालो. सदर अर्ज अद्याप विचाराधीन आहे.