वळणावरचा फणस

उमेळे गावातले आमचे शेजारचे काका सगळं वितीने मोजतात. केळीचा घड, दाराची चौकट, कुणाच्या पोराची उंचीसुद्धा. मोजून झालं की "बसतंय" किंवा "नाय बसत", एवढंच बोलतात.

रविवारी त्यांना मोबाइलवर दोन एसयूव्ही दाखवल्या. दोन्ही आटोपशीर, दोन्ही महागड्या. "ही पहिली आवडलीय, पण चार बोटं रुंद आहे. वळणावर तुमच्या फणसाला घासेल, म्हणून दुसरी घेतोय," मी सांगितलं. काका उठले, वळणावर वाकून वीत टेकवत रस्ता मोजून आले. "नाय बसत."

सोमवारी सकाळी कामाला निघालो, तर वळणावर लख्ख ऊन. फणस आडवा पडला होता! लहानपणापासून ज्याचे गरे खाल्ले, तो फणस. काका खोडावर बसून करवतीचा चीक तेलाने पुसत होते.

"काका, अहो, हे काय करून बसलात?"

मी का ओरडतोय, ते त्यांना कळेना. "तूच बोल्लास ना, घासल म्हनून? आता आन तुला आवडली ती. बसतंय."

ती गाडी दुसरीपेक्षाही महाग, मला परवडतच नव्हती. फणसाचं मी नुसतं निमित्त सांगितलं होतं.