याडीची पिल्लं

याडी गेल्याचं तिच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी दवाखान्यात एका म्हशीला सलाईन लावत होतो. "सकाळी शेळ्या सोडल्या अन् दारातच बसल्या... पुन्हा उठल्याच न्हाईत," एवढंच तो बोलला. म्हशीचं उरकलं, हात धुतले. महिना होत आला तरी मी तांड्यावर गेलो नव्हतो. खरं सांगतो, तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे तिचा तांडा. नाव धुरपताबाई, पण सगळे याडी म्हणायचे. बंजारा बोलीत याडी म्हणजे आई. तिची स्वतःची दोन्ही लेकरं मात्र वर्षाची व्हायच्या आत गेलेली. त्यावरून बायका माघारी तिलाच बोल लावतात, हे तिला ठाऊक होतं. शेळ्या राखणारी काळी कुत्री व्याली की याडी घरोघर पीठ, गूळ, तेल मागायची आणि बाळंतिणीला घालावा तसा तिला शिरा घालायची. रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे, पण याडीची हौस दांडगी. "आता डिंकाचे लाडूपण करा!" असं मी चिडवायचो.

एकदा शेळ्यांना लस टोचायला गेलो, तर तिनं दोन-अडीच आठवड्यांचं एक पिल्लू माझ्या हातात ठेवलं. पोट टम्म. "बघा साहेब, कसं दूध लागलंय!" मी घाईत होतो. "छान बाळसं धरलंय," म्हणालो आणि गाडीला किक मारली. असलं पोट ओळखण्याचाच ज्याला पगार मिळतो, त्यानं हे म्हणावं! पोटात जंत होते. आठवड्यात पाचही पिल्लं गेली. शेवटच्यानं ओकलेले जंत पुडीत बांधून याडी दवाखान्यात आली.

मी साहेबी आवाजात समजावलं. कुत्रीच्या अंगात जंतांच्या अळ्या झोपून असतात, ती गाभण राहिली की जाग्या होतात, काही गर्भातच पिल्लांत शिरतात, काही दुधातून जातात. आईकडूनच येतात, म्हणालो. तिनं पुडी पुन्हा बांधली.

"म्हंजी मायच देती व्हय?"

"तिला कळत नसतं हो..."

"न कळता दिलं, तरी दिलंच ना."

ती कुत्रीबद्दल बोलत नव्हती, हे मला समजलं होतं. तरी मी पुढचं जनावर आत घ्यायला सांगितलं. वेळेवर औषध दिलं असतं तर पिल्लं वाचली असती, चूक माझ्या नजरेची होती, हेही सांगितलं नाही. तेही तिच्याच माथी राहिलं. त्यानंतर कुत्री व्याली की पंधराव्या दिवशी याडी औषधाला हजर असायची. पिल्लं जगू लागली. पण तिला हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

परवा अखेर तांड्यावर गेलो. कुत्री व्याल्याला पंधरा दिवस झालेले. पुतण्याची बायको औषध पाजत होती, आधी कुत्रीला, मग एकेका पिल्लाला. पाजण्याआधी ती कुत्रीच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. काय सांगितलंत, मी विचारलं. ती लाजली.

"याडी दर बारीला सांगायच्या, म्हून मीबी सांगते... म्हणायच्या, माय, तुझा गुन्हा न्हाई."

याडीला हे कोणीच सांगितलं नाही. सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो मी होतो.