शिजना

काझी सर गेल्याचं कळवायला सकिनानं, त्यांच्या लेकीनं, फोन केला तेव्हा मी मुलाकडे नागपूरला होतो. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत 'शिजना, शिजना' करत होते. खिचडी कितीही मऊ केली, तरी त्यांच्या मनासारखी शिजलीच नाही."

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एकाच शाळेत मी मराठी शिकवायचो, ते उर्दू. अरबी हा त्यांचा नाद. एखादा जुना धातू सापडला की स्वारी माझ्या टेबलाशी हजर. "वाघसर, श-ज-न बघा. सगळा गुंताच. शजन म्हणजे मनातून न सुटणारं दुःख. शज्न म्हणजे दरीतली वाकडीतिकडी वाट. आणि शिजना म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या फांद्या, म्हणून रक्ताचं नातंही." मी म्हटलं, "आमच्या गावाकडं शिजना म्हणजे डाळ कच्ची राहिली." चहा सांडेपर्यंत हसले. पुढे पत्नी वारल्यावर एकदा हळूच म्हणाले, "आता एकच शिजना उरली, सकिना." तिच्यासमोर मात्र हा शब्द त्यांनी कधी काढला नाही. घरात विद्वत्ता पाजळणं त्यांना आवडत नसे.

मग लकवा झाला. वाचा गेली, तेवढा एक शब्द राहिला.

नाशिकला परतल्यावर भेटायला गेलो. सकिना सांगत होती, "अब्बा शिजना म्हणाले की मी उठायचे, पातेलं पुन्हा गॅसवर ठेवायचे. परत आले की तेच. चमचा ढकलून द्यायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या हातचं त्यांना नकोसं झालं होतं, काका."

हे ओझं घेऊन ती जगणार होती. ते मला बघवेना. मी अर्थ सांगितला. फांद्या, नातं, आणि सर तिच्याबद्दल काय म्हणाले होते ते सगळं... वाटलं, तिला बरं वाटेल.

ती उठली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. काझी सर गेले तेव्हा मला इतकं हताश वाटलं नव्हतं.

"म्हणजे ते मला बोलवत होते," ती शेवटी म्हणाली. "आणि मी दर वेळी उठून आत जात होते."