लिव्हर माझं, पथ्य शालूचं

लिव्हरवर चढलेल्या चरबीला औषध नसतं, हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं. देवळीत माझं खता-बियाण्याचं दुकान होतं. सकाळी गादीवर बसायचं ते रात्री उठायचं. मधल्या वेळात माझं सगळं शरीर विश्रांती घ्यायचं, तोंड सोडून. पुढे उजव्या बरगडीखाली जड जड वाटायला लागलं, तेव्हा माझी बायको शालू मला ओढतच वर्ध्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पोट दाबलं. मग नागपूरला पाठवून, तिथे नव्यानंच आलेलं सोनोग्राफीचं यंत्र माझ्या पोटावरून फिरवून घ्यायला लावलं आणि निकाल दिला, "लिव्हरवर चरबी चढली आहे. दारू घेता?"

"छे हो! कधी शिवलोसुद्धा नाही."

"मग खाता." (हा प्रश्न नव्हता.)

"गोळी लिहून देता?"

"याला गोळी नाही, इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही."

मी आनंदानं उठायलाच लागलो!

"बसा," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी तासभर चालायचं. तेल, तूप, तळलेलं, गोड बंद. वजन उतरलं की चरबी उतरेल. नाही उतरवलंत, तर हेच लिव्हर पुढे कडक होत जाईल, आणि मग माझ्याकडेही इलाज नसेल. दोन महिन्यांनी दाखवा."

परतीच्या एसटीत शालू खिडकीबाहेर बघत गप्प बसली होती. ती गप्प असली की मला धडकी भरते. सालोडच्या पुढे तिनं निर्णय जाहीर केला.

"डॉक्टर बरं हाय म्हणत नाई तवरिक तुमी जे खासान तेच मी खाईन. माह्यं बी तेल-गोड बंद."

"तुले काऊन? तुले काय झालं?"

"मी समोर बसून भजे खाईन, न् तुमी दोडका खासान? मी ओळखत नाई काय तुमाले? दोघं बी दोडकाच खाऊ."

इथे शालूच्या त्यागाची थोरवी समजून घ्यायला हवी. ही बाई खाण्यावर मनापासून प्रेम करणारी. (अंगकाठी बारीक. खाल्लेलं कुठे जायचं ते त्या सोनोग्राफीलाही सापडलं नसतं.) त्यातून तिच्या माहेरी, बोरगाव मेघेला, तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं, आणि ते नेमकं या दोन महिन्यांनंतर. त्या लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा विषय आमच्या घरात साखरपुड्यापासून चालू होता. आता ते लाडू माझ्या लिव्हरवर अवलंबून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून घरात उकडलेला दोडका, बिनफोडणीचं वरण आणि कोरडी भाकर सुरू झाली. शालू डोळे मिटून घास गिळायची आणि मला पहाटे उठवून दाराबाहेर काढायची. "चाला!"

मी चाललो. देवाशपथ चाललो! पण माझ्या दुर्दैवानं शेताकडच्या त्या रस्त्यावरचा प्रत्येक माणूस माझं गिऱ्हाईक होता. गाव संपतो न संपतो तोच मागून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. बंडीत गणपतराव. तीन पिढ्यांचा शेतकरी, आवाज असा की बैलही दचकावेत.

"भाऊ! पायी काऊन? सायकल बिघडली काय?"

"नाही, फिरायला निघालो."

"फिरायले? कोठी?"

"कुठे नाही. नुसतंच."

गणपतरावांनी माझ्याकडे फार काळजीनं पाहिलं. काही कामाशिवाय, थंडीत, पहाटे पायी जाणारा धडधाकट माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि आमच्याकडे बंडीवाल्यानं ओळखीच्या माणसाला पायी चालू दिलं तर तो त्याचा अपमान समजतात. "बसा," ते म्हणाले.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय हो. लिव्हरचं दुखणं आहे."

"अरे बाप्पा! लिव्हरचं? मंग तर बसाच!"

गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणायचं? बसलो.

त्यानंतर बातमी शिवारभर पसरली. लिव्हर म्हटलं की आमच्याकडे कावीळ, आणि कावीळ म्हटलं की उसाचा रस! दुसऱ्या दिवशी गणपतरावांचा चुलतभाऊ रसाचा गडू घेऊन शेताच्या धुऱ्यावर उभा. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ताजा गूळ आणला. ("ताकद पाह्यजे भाऊ, बिमारीत!") पुढे हुरड्याचा हंगाम लागला. हुरडा, त्यावर गूळ, त्यावर चटणी, चटणीत तेल. मग एकाच्या शेतात रोडगे झाले. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेला तो कणकेचा गोळा फोडून त्यात तूप ओततात, आणि तूप ओतणारा माणूस समोरच्यानं हात आडवा घातला की दुप्पट ओततो. मी दोन्ही हात आडवे घातले होते.

तासाभरानं बंडी मला गावाच्या वेशीवर उतरवायची. घरी आलो की शालू माझ्या घामेजलेल्या कपाळाकडे (तुपाचा घाम तो!) मायेनं बघायची आणि दोडका वाढायची. मी जेमतेम चार घास खायचो.

"लय चालले वाटते," ती म्हणायची. "भूकच मेली तुमची."

असे दोन महिने गेले. शालूच्या गालांची हाडं दिसू लागली. शेजारणी मला बाजूला घेऊन विचारू लागल्या, "वहिनीले बरं नाई काय?" आणि माझ्या पायजम्याची नाडी मात्र सैल करकरून गाठीला पुरेना. मला मनातून भीती वाटत होती, पण कपडे धुतल्यावर आटतात अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

अखेर डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. काटा बघितला. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.

"तुम्ही चालला नाहीत."

"रोज चाललो साहेब!"

"शक्य नाही."

शालू खवळली. "अहो, अंधारात उठवून धाडत होती मी याइले! उगाच काऊन आळ घेता?"

तेवढ्यात माझ्या नशिबानं बाहेरच्या बाकावर गणपतराव दिसले. आईचे डोळे दाखवायला आले होते. मला वाटलं, देवच पावला! मी स्वतः जाऊन, हाताला धरून, साक्षीदाराला आत आणलं. "सांगा यांना गणपतराव. मी रोज सकाळी रस्त्यावर असतो की नाही?"

"म्हंजे काय! रोज!" गणपतराव गरजले. "पण आमी चालू देतो काय साहेब? बिमार माणूस! पाय टेकू नाई देल्ला खाली. लिव्हरसाठी रोज रस देल्ला, गूळ देल्ला. रोडग्यावर तूप तर म्या सोता माह्या हातानं…"

डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्यांनी शालूला काट्यावर उभं केलं आणि मान हलवली.

"पथ्य उत्तम पाळलं गेलंय. फक्त दुसऱ्याच माणसानं पाळलं. बाई, तुम्ही उद्यापासून सगळं खायचं. आणि यांचं पहिल्यापासून."

शालू माझ्याकडे बघत नव्हती. तिनं थंडपणे विचारलं, "साहेब, लग्नात पंगतीले वाढलं तर ते चालण्यात धरते काय?"

"उत्तम! वाकणंही होईल."

बोरगावच्या मांडवात माझ्या सासऱ्यांचा चेहरा पडला. "जावई वाढणार? लोक काय म्हणतीन वं?"

"डॉक्टरनं सांगतलं, बाबा."

थोरला जावई मी. पाटावर बसून आग्रह करून घ्यायचा, थोडं रुसायचं, हा माझा हक्क. त्याऐवजी कमरेला पंचा बांधून, हातात लाडवांची बादली घेऊन मी पहिली पंगत फिरलो, दुसरी फिरलो, तिसरीत शालू बसली होती.

"वाढा," ती म्हणाली. "अजून. हात काऊन आखडता?"

ती लाडू खात होती आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा फुललेला दिसत होता. मला फार बरं वाटलं आणि भयंकर लाज वाटली. मी आणखी दोन वाढले.

पंगत उठल्यावर नवऱ्या मुलाचे मामा ढेकर देत सासऱ्यांजवळ आले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "वाढपी मस्त आणला तुमी! हात मोकळा हाय त्याचा. आमच्या पोरीच्या लग्नाले पाठवजा न् त्याले."

सासऱ्यांना घाम फुटला. मी छाती पुढे काढून माझी ओळख सांगणार, तोच शालूनं तोंडातला लाडू गिळला.

"न्या न् बाप्पा, खुशाल न्या. फक्त त्याइले जेवाले बसवू नका!"

त्या लग्नसराईत मी जिल्हाभर वाढलो. लिव्हरवरची चरबी उतरली, डॉक्टर खूश झाले. एवढंच झालं, की आजही कुठल्या मांडवात शिरलो तर मला कुणी "या, बसा" म्हणत नाही. सरळ हातात बादली देतात!