पुढ्यातला मासा

उलिमाता सेक हिच्याकडे पाहुणा आला की ती त्याला आधी आडनाव देते, शहर त्यानंतर. लोखंडी पुलाच्या तोंडाशी, घोडागाड्यांच्या अड्ड्यावर, मिरमिरीत कॉफीचा पेला त्याच्या हातात ठेवून ती त्याला क्षणभर न्याहाळते आणि ठरवून टाकते, की हा आजपासून फाय, ही सार, हे जोडपे जॉप. नकाशे ज्याला सँ-लुई म्हणतात आणि तिथली माणसे ज्याला न्दारच म्हणतात, त्या शहरात आडनावाला ‘सान्त’ असा शब्द आहे; आभार मानायलाही हाच शब्द चालतो. सान्त नसलेल्या माणसाला हाक कशी मारायची, आणि हाकच मारता आली नाही तर त्याची थट्टा तरी कशी करायची? थट्टा झाल्याशिवाय न्दार कोणाला आत घेत नाही, असे उलिमाताचे ठाम मत आहे.

काही आडनावांचे तर एकमेकांशी थट्टेचेच नाते आहे. सेक आणि गेय ही त्यांतली एक जोडी. सेकने गेयला खादाड म्हणायचे, गेयने सेकला आपला गुलाम म्हणायचे, आणि यात जो रागावेल त्याची समजूत कोणी काढायची नाही, उलट त्यालाच हसायचे, ही रीत. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी गेयच्या डोक्यावरची टोपी एखाद्या सेक बाईने उचलली, तर त्याने हसत उघड्या डोक्याने घर गाठावे, एवढा हा हक्क पक्का. उलिमाताने अशा कितीतरी टोप्या उचलल्या आहेत. एक तर तिच्या घरात टोमॅटो ठेवायला वापरतात.

तिचा जन्म गेत न्दारचा. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जी चिंचोळी पट्टी आहे, तिच्यावर दाटीने वसलेली ही कोळ्यांची वस्ती. लहानपणापासून ती मासे सुकवण्याच्या फडावर राबली. मिठाने तिच्या बोटांच्या पेरांना ज्या भेगा पडल्या त्या अजून बुजलेल्या नाहीत. पुढे मोठा मासा दूर गेला, होड्या रिकाम्या परतू लागल्या, आणि फडावरच्या फळ्या उन्हात नुसत्याच तापत राहिल्या. त्याच दिवसांत एका दुपारी वाट चुकलेला एक परदेशी तिच्या अंगणाच्या दारात उभा राहिला. घरची मंडळी परातीभोवती बसली होती. जेवणाऱ्यांनी दारातल्याला ‘ये, जेव’ म्हणायचेच असते. उलिमाताने म्हटले, आणि तो खरोखरच चपला काढून बसला. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. तिच्या नव्या धंद्याचा आरंभ एवढाच.

पुढे या धंद्याची एक ठरलेली वाट झाली. पुलावर कॉफी, मग गल्लीतल्या बाईकडचा, शिजवलेली चवळी भरलेला पाव, बेटावरच्या जुन्या घरांचे लाकडी सज्जे, उत्तरेच्या टोकाला नदीकाठी अंबाडीच्या लाल फुलांचे गार सरबत, घोडागाडीतून छोटा पूल ओलांडून होड्यांचा किनारा, आणि कोळ्यांची दफनभूमी, जिथे कबरींवर मासेमारीची जाळी पांघरलेली असतात. उलिमाताच्या नवऱ्याचे जाळे तिथे आहे, तो नाही. समुद्राने त्याला परत दिले नाही. तिथून ती पाहुण्यांना सरळ घरी नेते आणि अंगणातल्या चटईवर, एका परातीभोवती, माशाचा भात खायला बसवते. तिच्या लेखी आधीचे सगळे या परातीसाठी भूक आणण्यापुरते होते.

ही परातच नव्याने निघालेल्या पर्यटन-समितीला नको होती. समितीने ठरवले, की बिल्ला असल्याशिवाय कोणी पाहुणे फिरवायचे नाहीत, आणि बिल्लेवाल्यांनी पाहुण्यांना मान्यताप्राप्त खानावळीतच, वेगवेगळ्या ताटांत जेवू घालायचे. आपली सगळी वाट लिहून दिलेला उलिमाताचा अर्ज परत आला तेव्हा शेवटच्या मुक्कामावर आडवी रेघ होती. तेवढे सोडलेत तर बिल्ला आजच मिळेल, असे खिडकीतल्या कारकुनाने तिला भल्या मनाने सांगितले. तिने तोच अर्ज जसाच्या तसा पुन्हा दिला. पुन्हा रेघ आली; पुन्हा तिने तोच दिला. शेवटी तिने कळवले, की ज्यांना रेघ मारायची आहे त्यांनी एकदा येऊन जेवावे आणि मग मारावी. पाहुण्यांचा हंगाम तोंडावर आला होता. बिल्ला नसेल तर तिला पुलावर उभेही राहता येणार नव्हते, आणि परात सोडून मिळालेला बिल्ला तिला घ्यायचा नव्हता.

समितीने तपासनीस पाठवायचे कबूल केले. त्याचे नाव कळले तेव्हा अख्ख्या गल्लीला हसू फुटले. तो राजधानी डाकारचा मासाम्बा गेय होता.

शेजारीण दिओर हातातली मासळी तशीच टाकून धावत आली. काम झाल्यातच जमा आहे, असे तिचे म्हणणे. सेकने चारचौघांत मागितले तर गेय नाही म्हणूच शकत नाही. टोपी उचलतेस तसा बिल्ला उचल, एवढे सोपे.

“टोपी थट्टेत घेते मी,” उलिमाता म्हणाली. “टोपी गेली तर त्याचं काय जातंय? हे तसं नाही. उद्या तो गेय जाईल, दुसरा कुणी फाय येईल, तो म्हणेल, ही तर थट्टेत मिळवलेली परात. मग परत रेघ. मला ती कागदावर हवी. माझ्या जेवणावर मिळालेली हवी.”

“मग काय, त्याच्याशी तू बोलणार तरी आहेस का?”

“बोलेन. पाहुण्याशी बोलतात तसं. सान्त काढणार नाही.”

आणि तिने तो शब्द पाळला. तपासणीच्या दिवशी तेरेझा नावाची एक पोर्तुगीज शिक्षिका तिच्यासोबत होती. गेयांना चिडवायचा हक्क तिला चुकूनही मिळू नये म्हणून उलिमाताने तिला फाय करून टाकले. मासाम्बा गेय आला तो इस्त्रीच्या शर्टात, काखेत कागदांची फाइल आणि हातात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. हात मिळवताना रीतीप्रमाणे त्याने “सेक, सेक” म्हटले आणि तो थांबला. इथे उलिमाताने “गेय, गेय” म्हणून त्याच्या पोटाच्या घेराबद्दल काहीतरी बोलणे भाग होते. तिने फक्त प्रवास कसा झाला ते विचारले.

सकाळ जड गेली. अड्ड्यावरच्या गाडीवानांना काही कळेना. उलिमाता आज आजारी आहे का, असे एकाने चवळीवालीला विचारले. सज्जे दाखवून झाले, सरबत पिऊन झाले. तपासनीस प्रत्येक ठिकाणी नम्रपणे मान हलवून काहीतरी टिपत होता, आणि मधूनमधून, जणू काही राहून गेले आहे अशा नजरेने, तिच्याकडे पाहत होता. किनाऱ्यावर एका सेक कोळ्याने लांबूनच त्याला “ए भातखाऊ!” अशी आरोळी दिली, तेव्हा तो सकाळपासून पहिल्यांदा मोकळा हसला, पण उलिमाता होड्यांवरच्या रंगांविषयी सांगत राहिली.

अंगणात परात मांडली गेली. तांबूस भात, त्यावर कोबी, गाजर, कसावाचे तुकडे, आणि मधोमध, लसूण-मिरचीचे वाटण भरलेला चोफ मासा, डोक्यासकट. चपला काढून, हात धुऊन, अल्लाचे नाव घेऊन सगळे बसले: तेरेझा, तपासनीस, उलिमाता आणि तिची किने आत्या. वडिलांची बहीण असल्याने त्या घरात आत्याचा शब्द शेवटचा. ती बहुतेक वेळ डोळे मिटून असे. पण झोपलेली क्वचितच असे.

परातीचा कायदा गेत न्दारच्या लेकराला बोलता येण्याआधी कळतो. आपण आपल्या पुढ्यातलेच खायचे. मधल्या माशाकडे हात न्यायचा नाही. मासा यजमानीण मोडते आणि एकेकाच्या पुढ्यात सरकवत जाते. उलिमाताने मासा मोडला. एक तुकडा आत्याकडे गेला, मोठा तुकडा तेरेझाकडे गेला. तपासनीसाच्या बाजूला जाताना मात्र तिचा हात हवेतच थांबला. गालाचा मऊ तुकडा दिला तर तो लाच समजेल, आणि काट्याचा दिला तर राग, असे काहीतरी तिच्या मनात आले, आणि हात मागे फिरला. पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा तिने त्या बाजूला बघायचेच सोडले.

मासाम्बा गेय चांगल्या घरात वाढलेला होता. त्याने हात लांब केला नाही. तो आपल्या पुढ्यातला भात, नुसता भात, मुठीत वळून शांतपणे खात राहिला. तेरेझाच्या पुढ्यात माशाचा ढीग झाला होता आणि त्याच्या पुढ्यात भाताला भगदाड पडत चालले होते. कसावाचा एक तुकडा घरंगळत त्याच्या हद्दीत आला तेव्हा त्याने तो मोठ्या आदराने खाल्ला.

किने आत्याने डोळे उघडले. तिने आधी परात पाहिली, मग तपासनीसाची बोटे, मग भाचीचे तोंड.

“उली,” ती म्हणाली, “हा माणूस कधीपासून कोरडा भात खातोय?”

तेरेझाला भाषा कळत नव्हती, तरी तिचा घास थांबला.

“आपल्या अंगणात. पाहुणा. आणि तोही गेय.” आत्याने आपल्या पुढ्यातला तुकडा उचलून त्याच्याकडे सरकवला. “खा रे बाबा. तुम्ही गेय लोक जन्माचे खादाड, पण उपाशी गेय आमच्या दारातून गेला असं कुणी म्हणायला नको. तोंड नाही का तुला? मागायचं!”

“आत्याबाई,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला, “आमच्या गुलामांच्या घरी आम्ही मागत नाही. सकाळपासून वाट बघतोय. या बाईंनी मला एक शिवीसुद्धा दिली नाही. मला वाटलं, माझ्या घराण्याकडून काही अपराध घडलाय.”

आत्या एवढी हसली, की तिला पाणी द्यावे लागले. उलिमाताला मात्र हसू आले नाही. आपण काय करून बसलो ते तिला त्या भगदाडात स्वच्छ दिसले. परात वाचवायची म्हणून तिने परातीतला हातच काढून घेतला होता. तिच्या परातीत आणि समितीच्या ताटात फरक उरला नव्हता, उलट ताटात निदान मासा तरी असता. तिने डोक्याजवळचा गालाचा तुकडा वेगळा केला, काटे काढले, वाटण चोळले आणि तो तपासनीसाच्या पुढ्यात ठेवला.

“आता ऐका, गेय,” ती म्हणाली. “सेक म्हणून मी तुमच्याकडे काही मागणार नाही, ते मी आधीच ठरवलंय. पण हे लिहा. मी चुकले, तर समोरच्या आत्याला लगेच दिसलं. ताटात कुणाला दिसलं असतं? ज्यानं त्यानं आपापलं खाल्लं असतं आणि बिल दिलं असतं. माझ्याकडे येणाऱ्याला मला हे द्यायचंय, की तो उपाशी राहिला तर कुणीतरी ओरडेल. ते नको असेल तर बिल्ला नको. तुमची रेघ तुम्ही मारा, मी पुन्हा अर्ज करीन.”

“मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “तुमचे सगळे अर्ज मीच वाचलेत.” आणि त्याने तुकडा तोंडात घातला. भांड्याच्या तळाची खरवड आली तेव्हा आत्याने ती अर्धी त्याच्या पुढ्यात लोटली, आणि गेयांची पोटे कुठे संपतात हे त्यांच्या आयांनाही माहीत नसते, असे तेरेझाला खुणेने समजावून सांगितले. चहाच्या तिन्ही फेऱ्या होईपर्यंत, पहिल्या कडूपासून शेवटच्या गोड पेल्यापर्यंत, तपासनीस बसून होता. जाताना तो पाण्याची बाटली न उघडताच विसरून गेला. निदान त्याने तसे दाखवले. ‘सेकने लांबवली’ असे म्हणायला त्याला काही तरी हवे असावे.

हंगामाची पहिली मंडळी पुलावर उतरली तेव्हा उलिमाताच्या गळ्यात बिल्ला होता. सोबतच्या कागदावर तिची सगळी वाट कॉफीपासून परातीपर्यंत उतरवलेली होती, आणि कुठेही रेघ नव्हती. अटी होत्या. परातीत जेवायचे आहे हे पाहुण्यांना आधी सांगावे. हात धुवायला साबण असावा. आणि सगळ्यांत शेवटी, त्याच सरकारी भाषेत: यजमानाने प्रत्येक पाहुण्याच्या पुढ्यात, त्याचे आडनाव कोणतेही असो, मासा सरकवणे बंधनकारक राहील.

दिओरने ते वाचून घेतले आणि गेयाने तुझी कायमची थट्टा करून ठेवली, असे म्हटले. उलिमाताने मान्य केले, पण कागद दुरुस्तीला पाठवायला ती तयार झाली नाही. त्या दिवशी परातीभोवती एक लाजरा तरुण बसला होता. नको, पुरे, असे हाताने सांगत होता. तिने डोळ्यांच्या बाजूचा मांसल तुकडा काटे काढून त्याच्या पुढ्यात ठेवला आणि बिल्ल्यावर बोट टेकवले.

“खा,” ती म्हणाली. “सरकारी हुकूम आहे.”