एकशे दोन पॉइंट दोन

आईला ताप आला तेव्हा बायको नेमकी ऑफिसच्या ट्रेनिंगला नाशिकला निघालेली. निघण्याआधी तिने ताप बघितला, एकशे दोन पॉइंट दोन, आणि पाऱ्याचा थर्मामीटर माझ्या हातात देत विचारलं, "जमेल ना?" मी दुखावलो. कॉलेजात फिजिक्स घेतलेल्या माणसाला हे विचारायचं?

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी बजावलेलं, ताप दिवसातून तीनदा लिहून ठेवा, दोन दिवसांत उतरला नाही तर ॲडमिट करू. आईने हॉस्पिटलची धास्तीच घेतलेली. बाबा तिथून परत आले नव्हते. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

माझी लेक चौथीत. म्हटलं, तिलाही शिकवून टाकू. खरं कारण असं की चष्मा लावूनही मला ती बारीक रेघ धड दिसत नव्हती. काच कशी फिरवायची, दोन आकड्यांमधली प्रत्येक बारीक रेघ पॉइंट दोनची कशी, हे मी इतकं रंगवून सांगितलं की गोधडीतून आईची जांभई ऐकू आली. नव्व्याण्णव पॉइंट आठ जास्त की शंभर पॉइंट दोन, इथे लेक अडली. नव्व्याण्णवात सगळे मोठे मोठे आकडे, म्हणून तेच जास्त, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, आकडे सोड, पारा कुठे जास्त वर चढलेला असेल ते सांग. मग तिला पटकन कळलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दोन दिवस ती वाचत होती आणि वहीत लिहीत होती. सहाही वेळा एकशे दोन पॉइंट दोन. आई म्हणत होती, मला बरं वाटतंय रे, मऊ भात नि लोणचं दे. मी तिला ऐकवलं की पारा खोटं बोलत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी हॉस्पिटलसाठी बॅग भरायला घेतली. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

लेक वही घेऊन आली. "बाबा, आजीला दर वेळी बरोब्बर एवढाच ताप कसा येतो?"

असतो एकेक प्रकार, मी म्हणालो. तिचं समाधान झालं नाही. तिने डबीतून थर्मामीटर काढला आणि ट्यूबलाइटखाली धरला.

"बाबा, हा तर आजीच्या तोंडात घालायच्या आधीच एकशे दोन पॉइंट दोन आहे."

बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "दर वेळी झटकत होतास ना?"

पारा आपण झटकल्याशिवाय खाली येत नाही, हे फिजिक्सवाल्याला तेव्हा कळलं. दोन दिवस आम्ही बायकोनेच बघितलेला ताप वाचत होतो. झटकला. आईच्या जिभेखाली ठेवला. नव्व्याण्णव पॉइंट चार. लेकीने वाचला, मी वाचला, आईने स्वतः हातात घेऊन बघितला. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, घरीच राहू दे, औषध चालू ठेवा.

आई उठून बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावू लागली. मला एका शब्दाने बोलली नाही, याबद्दल मी तिचा आजही ऋणी आहे. लेकीला थँक्यू म्हणायला गेलो तर ती म्हणाली, "थांब, झोपायच्या आधी अजून एकदा बघायचाय," आणि थर्मामीटर माझ्या हाती लागू नये म्हणून कपाटात साड्यांखाली ठेवायला आजीकडे दिला.