तिच्या गळ्यातला भीमपलास

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात कामाला, आणि पाळी संपली की संघटनेचे. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून घड्या घालायचो. ‘विस्थापित’ हा शब्द मला ‘बदक’च्या आधी वाचता येत होता. बाबांचं म्हणणं असं की पत्रकात तीन गोष्टी पाहिजेत. अन्याय कुणावर झाला, कुणी केला आणि आपली मागणी काय. मागणी नसेल तर ते पत्रक नाही, रडगाणं.

जर्मनीतल्या एका संगीत महोत्सवाआधी मी असं एक पत्रक मनातल्या मनात लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही.

पनवेलात तळ्यापासून जवळ आमच्या बाईंचा गाण्याचा क्लास आहे. मी शाळेपासून तिथे शिकते. ती माझ्यानंतर चार वर्षांनी आली. ती म्हणजे मोहल्ल्यातली, वडील कुवेतला, घरात गाण्याचं कुणी नाही. लग्नाच्या हळदीला बायका म्हणतात ती गाणी ऐकून तिचा गळा तयार झालेला. ती आली त्या दिवशी बाईंनी तिला नुसता सा लावायला सांगितला. तिने लावला. बाईंनी पेटीचा भाता सोडून दिला आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. माझ्या सा-ला बाईंनी कधी पेटी सोडली नव्हती. माझा सा बरोबर असायचा, म्हणून त्या मान हलवायच्या आणि पुढे जायच्या.

महोत्सव होता गाणं शिकणाऱ्या मुलामुलींचा. डोंगरातलं एक लहान गाव, उन्हाळ्यात तिथे देशोदेशीचे विद्यार्थी जमतात आणि जुन्या चर्चमध्ये रोज संध्याकाळी गातात. बाईंना आमंत्रण आलं ते एका विद्यार्थ्याच्या गाण्याचं आणि साथीचं. बाईंनी क्लासमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं की ती गाईल आणि मी मागे तंबोऱ्यावर बसेन. मी कारण विचारलं. विचारायला मी घाबरत नाही, घरचं वळणच तसं. बाई म्हणाल्या, “तुझं गाणं चोख आहे. तिचं पोचतं.”

त्या रात्री मी पत्रक लिहायला बसले. अन्याय माझ्यावर. कुणी केला? बाईंनी? बाईंनी तर जात, धर्म, घराणं, ओळख, काही न बघता फक्त आवाज ऐकून निवड केली होती. असंच व्हायला हवं म्हणून मी कॉलेजच्या गेटवर उभी राहून घसा कोरडा केला होता. ती श्रीमंताची असती, बाईंची भाची असती, तर मला किती बरं वाटलं असतं, पत्रक तरी लिहिता आलं असतं. शेवटी मी बाबांना सांगितलं. ते घड्या घालत होते. त्यांनी हातातली घडी पुरी केली.

“बाय, मागनी काय हाय तुजी?”

“तिच्यासारखं गाता यावं.”

“मंग यात मॅनेजमेंट काय करनार?” ते म्हणाले आणि हसत सुटले. आईसुद्धा हसली. मला त्या हसण्याचा अजून राग आहे.

तर आम्ही चौघं गेलो. बाई, तबल्यावर साथ करणारे काका, ती आणि मी. विमानात तिने वडिलांनी पाठवलेला खजुराचा डबा उघडला आणि मला आधी दिला. ती सगळं आधी दुसऱ्याला देते. मला ते आवडत नाही. मला ती ‘कॉम्रेड’ म्हणते, पहिल्या वर्षापासून. तिच्या आवाजात ते चिडवणं गोड वाटतं, एवढं कबूल करते. इमिग्रेशनच्या रांगेत मला म्हणाली, “कॉम्रेड, इथे मोर्चा नको काढूस, मला गाऊन परत जायचंय.” काका हसले. मीही हसले, कारण न हसता उभी राहिले असते तर माझ्या मनातलं कळलं असतं.

गाव सुंदर होतं, आणि मला त्याचाही राग आला. तिथली मुलं सकाळी कुरणावर उभी राहून गळा मोकळा करायची. त्यांच्या आवाजात कंटेनरच्या ट्रकचा हॉर्न कधीच शिरला नसेल. आमच्या क्लासची खिडकी आम्ही उन्हाळ्यातसुद्धा बंद ठेवतो. तिला मात्र असलं काही सुचत नव्हतं. ती त्या मुलांत जाऊन बसली, त्यांच्याकडून त्यांचं काहीतरी शिकली, त्यांना सरगम शिकवली. दुसऱ्या दिवशी ती सगळी तिला हाक मारून बोलवत होती आणि मी तंबोऱ्याच्या तारा पुसत होते.

बाईंनी तिच्याकडून पूरिया धनाश्री बसवून घेतला होता. मावळतीचा राग. कार्यक्रम संध्याकाळी सातला, म्हणजे पनवेलच्या हिशोबाने दिवेलागणीची वेळ, म्हणून तोच घ्यायचा असं पनवेलातच ठरलं. सात महिने तिने तो घोटला होता. आणि आमच्यातल्या एकालाही, आयुष्यभर रागांच्या वेळा सांभाळणाऱ्या बाईंनासुद्धा, हे सुचलं नाही की त्या गावात जूनमध्ये सातला अजून लख्ख ऊन असतं. कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही चर्चमध्ये तंबोरा लावायला गेलो. रंगीत काचांतून ऊन सरळ मंचावर पडलेलं. बाई दारात उभ्या राहिल्या. आयोजकांना विचारलं, सूर्य कधी मावळतो. साडेनऊनंतर, असं उत्तर आलं. बाईंनी कार्यक्रम पुढे ढकलता येईल का विचारलं. पुढे दुसऱ्या देशाचा गायनवृंद होता, त्यामुळे ते शक्य नव्हतं. काका म्हणाले, बाई, इथे कुणाला कळणार आहे. बाई म्हणाल्या, “मला कळणार आहे. उन्हात पूरिया धनाश्री नाही गायचा.”

मग त्यांनी काचेकडे, उन्हाच्या तिरपेपणाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “भीमपलास.”

भीमपलास माझा आहे. क्लासमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी मला तो दोन वर्षं दिला होता, दुसरं काही न देता. दुपार कलतानाचा राग, मी तो डोळे मिटून गाऊ शकते. तिला तो बाईंनी नीट शिकवलाही नव्हता. तिने माझाच ऐकून उचललेला. मी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. मला खरंच वाटलं की आता बाई माझ्याकडे वळणार. एवढा वेळ मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आता सूर्यच माझ्या बाजूने होता.

बाई वळल्याही. म्हणाल्या, “तुझा राग आहे. तिला मागून सांभाळ.”

मी तंबोरा परत मांडीवर घेतला. ती माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सात महिन्यांची तयारी एका वाक्यात गेली होती तिची. मला दया यायला हवी होती.

हे न जाणणाऱ्यासाठी सांगते. आमच्या गाण्यात मागे तंबोऱ्यावर बसणारा शिष्य नुसता तारा छेडत नाही. पुढचा गाणारा थांबतो, हात उलटा करून मागे नेतो, आणि तेवढी जागा मागच्याने गाऊन भरायची असते. पुढच्याला दम मिळतो, मागच्याला लोकांसमोर तोंड उघडायला मिळतं. असंच आम्ही सगळे मैफल शिकतो. पुढच्याने किती द्यायचं ही त्याची मर्जी. काही देतच नाहीत.

ती गायला लागली आणि पहिल्या आलापातच मला कळलं की तिला मागून सांभाळायची गरज नाही. माझाच भीमपलास होता. मी निषादावरून मध्यमावर जाते त्याच वाटेने ती गेली, पण मी तिथे पोचते आणि ती तिथे राहिली. मध्यमावर ती इतकी निवांत थांबली की चर्चभर तो सूर पसरला. समोर एक म्हातारी बाई बसली होती, तिने डोळे मिटले. माझ्या दोन वर्षांच्या दुपारी तिच्या गळ्यातून चालल्या होत्या आणि तिच्या गळ्यात त्या जास्त शोभत होत्या. मी तारा छेडत राहिले. हात चुकला नाही. चुकवला असता तर बरं वाटलं असतं, पण तेवढी मी खाली उतरले नाही. एवढं तरी लिहून ठेवते.

बंदिशीच्या मध्यावर ती थांबली. हात मागे आला, तळवा वर. मान जराशी वळवून तिने माझ्याकडे बघितलं. घे.

मला माझ्याच रागातली एक जागा दान मिळत होती. माझ्या डोक्यात बाबांची सगळी पत्रकं एकदम उभी राहिली. भीक नको, हक्क हवा. मी तोंड उघडलं नाही.

काकांचा ठेका चालू राहिला. तंबोरा चालू राहिला. एक आवर्तन गेलं. तिचा हात अजून तसाच. काकांनी तबला हलका केला, त्यांना वाटलं हे ठरवूनच चाललंय. दुसरं आवर्तन गेलं. चर्चमध्ये नुसत्या तारा आणि ते ऊन. मग तिने हात आवरला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

कार्यक्रमानंतर ती म्हातारी बाई पुढे आली. तिथली गाण्याची शिक्षिका होती. तिने आमच्या गाणारीचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत सांगितलं की मधे जी शांतता सोडलीस ती मला विसरता येणार नाही. इतक्या लहान वयात एवढं धाडस कुठून आलं, असं विचारलं. उत्तरादाखल ती फक्त वाकली. माझी चूक सांगून टाकली असती तर मला सोपं झालं असतं. माझा नकारही तिच्याच गाण्यात जमा झाला.

बाहेर पायऱ्यांवर आम्ही दोघीच होतो. ऊन अजून होतंच.

“का नाही घेतलंस?”

“मला दिलेलं नको होतं.”

“मग कसं हवं होतं? हिसकावून?” ती म्हणाली. “या अल्ला, कॉम्रेड, तुमच्या घरी जेवायला वाढलं तरी घोषणा देऊनच घास घेतात का?” मग पायरीवर बसत म्हणाली, “माझा दम संपला होता. तुझा राग मला पुरा येतो कुठे? मला पुढचं आठवेना, म्हणून तुला दिलं. दान कुठलं आलंय.”

ती गाता गाता अडली होती आणि तेही कुणाला कळलं नव्हतं. मी अडले असते तर चर्चच्या शेवटच्या बाकावर कळलं असतं.

पनवेलला परत आल्यावर गुरुपौर्णिमा आली. बाईंनी मला पुढे बसवलं. दुपारी चारला, भीमपलास, त्याच्या खऱ्या वेळेला. मागे तंबोऱ्यावर ती. हॉल भरलेला, पहिल्या रांगेत बाबा, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, सभेला बसल्यासारखे.

माझं गाणं चोख चाललं होतं. मध्यावर आले तेव्हा मला ठाऊक होतं की हात मागे न्यायचा असतो. नाही नेला तर कुणी विचारणार नव्हतं. मी एक आवर्तन तशीच पुढे गेले. दुसरंही. पण दुसऱ्याची जागा अडवून बसणाऱ्यांवरच्या कितीतरी पत्रकांच्या आम्ही घड्या घातल्यात, आणि बाबा समोरच बसले होते. मी हात मागे नेला.

तिने सूर घेतला. जराही वेळ न लावता, जणू तिचाच होता. फार गायली नाही. निषादावरून निघाली, मध्यमाच्या अगदी दारापर्यंत आली आणि तिथे सोडून दिलं. मध्यम माझ्यासाठी ठेवला. मी लावला, आणि तो मी लावते तसा नव्हता. मी तिथे नुसती पोचले नाही, थोडी राहिले. हॉलमध्ये वाहवा झाली. बाबांनी मान हलवली. कुणासाठी, ते मी त्यांना विचारलेलं नाही.

सगळे गेल्यावर मी गवसणीचं तोंड धरलं आणि तिने तंबोरा आत सरकवला.

“बघितलंस, मी घेतलं की नाही?” ती म्हणाली. “पुढच्या वेळी तू मागे.”

मी बरं म्हटलं. मला ते मुळीच बरं वाटलं नव्हतं. गवसणीची नाडी मी जरा जास्तच आवळली, ती तिने हसत सैल केली.